खोल्या बांधल्या, भाडं सुरू झालं. पण हिशेब जमला का?

विश्लेषण : मावळ, खेड, शिरूर तालुक्यांतील भाड्याच्या खोल्यांचं गणित

चाकणजवळच्या कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडीत जा, तळेगावच्या पुढे आंबी-नवलाख उंबऱ्याकडे जा, नाहीतर शिरूर तालुक्यात सणसवाडी-कारेगावात जा. एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. जिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाजरी आणि कांदा होता, तिथे आता खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. खाली गाळे, वर खोल्या, गच्चीवर काळ्या टाक्या आणि भिंतीवर "रूम भाड्याने देणे आहे" ही पाटी.

एमआयडीसीत जमीन गेली, किंवा दोन-चार गुंठे विकले, की हातात एकरकमी पैसा येतो. त्या पैशाचं काय करायचं, यावर गावात ठरलेलं उत्तर आहे : "खोल्या काढ, दर महिन्याला भाडं येत राहील." सल्ला चुकीचा नाही. या खोल्यांवर अनेक घरांतली मुलं शिकली, लग्नं झाली. पण याच खोल्यांपायी काही घरं कर्जातही अडकली आहेत. जमीन एकदाच विकता येते. तो पैसा चुकीच्या हिशेबावर लागला तर दुसरी संधी मिळत नाही. म्हणून हे गणित नीट मांडून बघायला हवं.

भाडं म्हणजे नफा नव्हे

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. दहा खोल्या, प्रत्येकी ४ हजार भाडं, म्हणजे महिन्याला ४० हजार आणि वर्षाला ४ लाख ८० हजार. बांधकामाला ३० लाख लागले असं धरलं, तर १६ टक्के सुटतात असं वाटतं. बँकेच्या एफडीत याच्या निम्मेही मिळत नाहीत. मग माणूस हुरळून जातो आणि आणखी पाच खोल्यांचं कर्ज काढतो.

आता तोच हिशेब वहीत उतरवू. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या गावचे आकडे घालून तुम्ही स्वतः करून बघा.

पूर्ण भरल्यावर वर्षाचं भाडं : ४,८०,०००
प्रत्येक खोली वर्षात सरासरी दोन महिने रिकामी राहिली : वजा ८०,०००
भाडं बुडवून गेलेले : वजा २०,०००
पाण्याची मोटार, टँकर, जिन्यातले दिवे, साफसफाई, शौचालयाची टाकी उपसणं : वजा ३६,०००
रंग, नळ, दरवाजे, गळती, वायरिंग : वजा ४०,०००
घरपट्टी आणि विमा : वजा १४,०००
हातात राहिले : २,९०,०००

म्हणजे १६ टक्के दिसत होते, त्याचे साडेनऊच्या आसपास झाले. तरीही वाईट नाही. पण यात जमिनीची किंमत धरलेली नाही, आणि कर्जाचा हप्ता अजून आलेलाच नाही.

कर्ज किती, यावर सगळं अवलंबून

समजा ३० लाखांपैकी १० लाख घरचे आणि २० लाख पतसंस्थेचे, १३ टक्के व्याजाने, दहा वर्षांसाठी. हप्ता बसतो साधारण २९,९०० रुपये. वर्षाचे झाले ३ लाख ५८ हजार. वरच्या हिशेबात हातात राहत होते २ लाख ९० हजार. म्हणजे दहा खोल्यांचा मालक असून दरवर्षी ६८ हजार रुपये खिशातून घालायचे. कुठून? दुधातून, उसाच्या बिलातून, नाहीतर मुलाच्या पगारातून.

आता दुसरी बाजू बघा. कर्ज २० ऐवजी १० लाखच असतं, तर हप्ता १५ हजारांच्या आत, वर्षाचे १ लाख ७९ हजार. हप्ता भरूनही लाखभर रुपये शिल्लक. इमारत तीच, भाडेकरूही तेच, तरी एक मालक शांत झोपतो आणि दुसरा दर महिन्याच्या पाच तारखेला घाबरतो.

याचं एक सोपं माप आहे. वर्षाचा हप्ता आणि वर्षाचा ठरलेला खर्च यांची बेरीज करा आणि एका खोलीच्या वर्षभराच्या भाड्याने भागा. जे उत्तर येईल, तितक्या खोल्या बारा महिने भरलेल्या असल्या तरच तुमचं भागतं. २० लाखांच्या कर्जात हे उत्तर सव्वानऊच्या वर येतं. म्हणजे दहापैकी एकच खोली रिकामी पडली तरी तुम्ही तोट्यात. १० लाखांच्या कर्जात उत्तर साडेपाचच्या थोडं वर. म्हणजे चार खोल्या रिकाम्या राहिल्या तरी हप्ता फिटतो.

आमचं म्हणणं सरळ आहे : दहापैकी सहा-सात खोल्या भरल्या असताना जो हप्ता फिटेल, तेवढंच कर्ज काढा. त्याहून जास्त लागत असेल, तर पाचच खोल्या बांधा. पायात पुढच्या मजल्याची सोय ठेवा, वरचा मजला भाड्याच्या पैशातून नंतर चढवा.

तळेगावने काय शिकवलं?

"कंपनी आली म्हणजे भाडेकरू कायमचे" असं ज्यांना वाटतं, त्यांनी तळेगावकडे बघावं. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०२० च्या जानेवारीत कंपनीने तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं जाहीर केलं. मग सीमेवर तणाव झाला, शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीचे नियम कडक झाले आणि व्यवहार लटकला. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं. २०२२ मध्ये ग्रेट वॉलबरोबरचा व्यवहार मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घ्यायचा करार केला, आणि तिथलं उत्पादन सुरू व्हायला २०२५ उजाडलं.

म्हणजे मधे जवळपास पाच वर्षं गेली. तळेगावात इतर कंपन्या आहेत म्हणून परिसर ओस पडला नाही. पण ज्याने कर्ज काढून एकाच गेटच्या भरवशावर खोल्या बांधल्या असतील, त्याचा हप्ता काही पाच वर्षं थांबत नाही.

दुसरी गोष्टही तळेगावचीच. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तिथे येणार अशी चर्चा जोरात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला जाणार असं जाहीर झालं. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेही त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. प्रकल्प का गेला, कुणामुळे गेला, हा राजकारणाचा वाद इथे नको. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की घोषणेवर जमीन किंवा गाळा घेऊ नका. कंपनीचं कंपाउंड पडलं, शेड उभी राहिली, माणसं कामाला लागली, मग भाडेकरू येतात. घोषणा झाली की पहिला फायदा एजंटचा होतो.

आणि २०२० चा लॉकडाऊन कोण विसरेल? मार्च-एप्रिलमध्ये परप्रांतीय कामगार मिळेल त्या वाहनाने, नाही मिळालं तर पायी गावाकडे निघाले. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, अशा सूचना घरमालकांना दिल्या. माणुसकीच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती, त्या मालकांचे हप्ते थकले.

म्हणून पहिलं भाडं आलं की लगेच गाडी बुक करू नका. आधी सहा महिन्यांचा हप्ता आणि खर्च वेगळ्या खात्यात साठवा. हे पैसे कुठे ठेवता तेही महत्त्वाचं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एक-दीड टक्का जादा व्याजासाठी अडीअडचणीचा पैसा अडकवून बसू नका.

जागेचे कागद आधी, वीट नंतर

आपल्याकडे उलटं चालतं. आधी स्लॅब पडतो, मग "बघू पुढचं पुढे". तीन गोष्टी तपासल्याशिवाय पाया खणू नका.

पहिली, सातबारा. त्यावर किती नावं आहेत? चुलते, भाऊ, बहिणी? २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सामायिक जमिनीवर एका भावाने स्वतःच्या पैशाने खोल्या बांधल्या आणि भाडं सुरू झालं, की पाच वर्षांनी वाटणीचा वाद उभा राहतो. तेव्हा "पैसा मी घातला" हे सिद्ध करत कोर्टात फिरावं लागतं. आधी वाटणीपत्र करा, नोंद लावा, मग बांधा. बहिणीशी गोड बोलून सही घेण्यापेक्षा तिचा हिस्सा मोकळेपणाने बोलून ठरवा. त्यात पैसाही वाचतो आणि नातंही.

दुसरी, परवानगी. "ग्रामपंचायतीत नोंद आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. नमुना ८ चा उतारा घरपट्टीसाठी असतो. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम परवानगीही नाही. पुणे महानगर प्रदेशात पीएमआरडीएची परवानगी लागते. जमीन बिगरशेती आहे का, रस्त्याच्या हद्दीत येते का, विकास आराखड्यात काही आरक्षण पडलंय का, हे आधी बघायचं. विनापरवाना बांधकामावर बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणून माणूस महागड्या व्याजाकडे वळतो. आणि रस्ता रुंद करायची वेळ आली की पहिला घाव तिथेच पडतो. इमारत पडली तरी कर्ज तसंच राहतं.

तिसरी, गाळा किंवा फ्लॅट विकत घेत असाल तर महारेरा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका-गाळे असतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी बंधनकारक आहे. मोबाईलवर महारेराच्या संकेतस्थळावर नाव टाका. नोंदणी क्रमांक, ताबा कधी, मंजुरी कुठली, सगळं दिसतं. "बुक करा, ताबा मिळेपर्यंत आम्हीच दरमहा भाडं देतो" असं कुणी म्हणत असेल तर सावध राहा. ते भाडं बऱ्याचदा तुमच्याच पैशातून परत दिलेलं असतं.

पाचशेच्या स्टॅम्पवर भागत नाही

बहुतेक खोल्यांचा व्यवहार तोंडी चालतो. फार तर स्टॅम्पपेपरवर चार ओळी आणि नोटरीचा शिक्का. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ज्या शहरांना आणि गावांना लागू आहे, तिथे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. ही जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. करार नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

'लिव्ह अँड लायसन्स' करार ऑनलाइन नोंदवता येतो, दोघांचं आधार आणि अंगठा लागतो. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, तर नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये. एजंटची फी वेगळी. चार हजारांच्या खोलीसाठी हा खर्च जड वाटतो हे मान्य. मग एकेका कामगाराऐवजी कंपनीच्या कंत्राटदाराशी पाच-सहा खोल्यांचा एकच करार होतो का ते बघा. मात्र कंत्राटदाराने अर्धवट काम सोडलं तर सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या होतात, म्हणून सगळ्या एकालाच देऊ नका.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं टाळू नका. ऑनलाइनही देता येते. आधारची प्रत, फोटो, कामाच्या ठिकाणाचं ओळखपत्र आणि गावाकडच्या एका नातेवाइकाचा नंबर घ्या. भाडं थकलं म्हणून पाणी तोडणं, वीज बंद करणं, कुलूप लावणं हे करू नका. कायद्याने ते तुमच्यावरच उलटतं. दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी घ्या आणि पहिला महिना थकला की लगेच बोला. तीन महिने थकल्यावर बोलणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, नुसतं भांडण मिळतं.

भाडेकरूलाही आपली बाजू आहे. आठ जणांत एक शौचालय, पाणी दिवसाआड, आणि विजेला मनमानी दर, असं असेल तर चांगला कामगार दोन महिन्यांत दुसरीकडे जातो. टिकून राहणारा भाडेकरू हीच खरी कमाई आहे. वर्षाला दोनशे रुपये भाडं कमी वाढवून तोच माणूस राहत असेल, तर दोन महिने खोली रिकामी ठेवण्यापेक्षा ते कधीही परवडतं.

विजेचं बिल : इथे पैसा गळतो

दहा खोल्यांना एकच मीटर आणि आत सबमीटर, ही पद्धत सर्रास आहे. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो : १०० युनिटपर्यंत सगळ्यात कमी, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि पुढे सगळ्यात जास्त. एकेका खोलीला ६० युनिट लागले तरी दहा खोल्यांचे ६०० होतात आणि बिल वरच्या टप्प्यात जातं. स्वतंत्र मीटर असतं तर प्रत्येक खोली पहिल्याच टप्प्यात राहिली असती. सुरुवातीला मीटरचा खर्च आणि दरमहा स्थिर आकार लागतो, म्हणून दोन्ही हिशेब मांडून ठरवा. स्वतंत्र मीटर असेल तर वादही मिटतो. बिल भाडेकरूचं, भरायचं त्यानेच.

"शेतकऱ्याला टॅक्स नसतो"

शेतीच्या उत्पन्नाला नसतो. खोल्यांचं भाडं शेतीचं उत्पन्न नव्हे, जागा शेतातली असली तरी. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. रंग, दुरुस्ती वेगळी दाखवता येत नाही, ती त्या ३० टक्क्यांत धरलेली आहे. वरच्या उदाहरणात ४ लाख भाडं आलं, त्यातून १० हजार घरपट्टी गेली असं धरलं, तर ३० टक्के वजावटीनंतर २ लाख ७३ हजार उरतात. त्यातून व्याज अजून जायचंय.

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे लहान मालकाला बहुधा कर बसतच नाही. तरी रिटर्न भरत चला. उद्या बँकेत कर्ज मागायला गेलात तर तीन वर्षांची रिटर्नच विचारतात. रिटर्न नसेल तर पुन्हा तीच पतसंस्था आणि तेच जास्तीचं व्याज. गाळ्यांचं वार्षिक भाडं २० लाखांच्या वर जात असेल तर जीएसटीचाही विषय येतो, तिथे सीए गाठा.

विमा आणि वही

बांधकामाचा विमा काढणारे आपल्याकडे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. आग, पूर, वीज पडणं, भूकंप यांपासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक अटींची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे मिळते. खोल्यांत रोज दहा शेगड्या पेटतात, सिलिंडर असतात, वायरिंगवर हीटर लावतात. इमारतीच्या किमतीपुढे हप्ता किरकोळ असतो. अर्ज भरताना खोल्या भाड्याने दिल्यात हे लपवू नका, नाहीतर नेमकं नुकसानीच्या वेळी तेच आडवं येतं.

आणि एक वही ठेवा. खोली क्रमांक, भाडेकरू, तारीख, आलेले पैसे, झालेला खर्च. भाडं शक्यतो खात्यावर किंवा यूपीआयने घ्या, म्हणजे नोंद आपोआप राहते. घरात दोन भाऊ असतील तर ही वही दोघांनी महिन्यातून एकदा बघावी. बरीच भांडणं हिशेब न दाखवल्यामुळे सुरू होतात.

मग खोल्या बांधायच्या की नाही?

बांधायच्या, पण या चार प्रश्नांना "हो" असेल तर. दहापैकी सहा-सात खोल्यांच्या भाड्यात हप्ता फिटतो का? सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलाय का? जागेचे कागद आणि परवानगी स्वच्छ आहे का? आणि जवळची एक कंपनी बंद पडली तरी दुसरीकडचे कामगार तिथे राहायला येतील का?

एकाचंही उत्तर "नाही" असेल तर थोडं थांबा. जमिनीचा सगळा पैसा विटांत घालू नका. थोडा बँकेत, थोडा उरलेल्या शेतीत, विहिरीत, ठिबकमध्ये, थोडा मुलांच्या शिक्षणात राहू द्या. शेजाऱ्याने तीन मजले चढवले म्हणून आपणही चढवायचे, असं नाही. त्याचा हप्ता किती आणि तो कुठून फिटतो, ते आपल्याला दिसत नसतं.

तुमच्या गावात खोल्यांचं भाडं किती, रिकाम्या किती आणि अडचणी काय, हे आम्हाला जरूर कळवा.